माठ नासला म्हणून सांगितलेलं खोटं

आमच्या घरी निळीचा माठ नासला की खोटं बोलायची चाल होती. थट्टा करत नाही. आम्ही रंगारी, पणज्याच्या आधीपासून म्हैसुरात. घरात मराठी, दारात कन्नड, आणि बापाचे हात कोपरापर्यंत निळे. मी चौथीपर्यंत शिकलो. तेवढ्या शिक्षणावर हे लिहितोय, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ तपासणाऱ्यांनी इथेच थांबावं. मुलगा म्हणाला, अप्पा, तुम्ही बोला, मी फोनमध्ये उतरवून घेतो. मी म्हटलं, माझं मी लिहीन. शहात्तर वर्षं माझं मीच केलंय.

माठाचं आधी सांगतो. परसात गळ्यापर्यंत पुरलेले चार माठ. त्यात नीळ, चुना, गूळ आणि टाकळ्याचं शिजवलेलं बी. वर झाकण, आणि आठ-दहा दिवस ऊब. माठ जमला की त्यावर तांब्यासारखा तवंग धरतो. कापड बुडवून काढलं की आधी हिरवट-पिवळं दिसतं, मग वारा लागता लागता डोळ्यांदेखत निळं होतं. माठ नासला की कुजका वास सुटतो आणि कापड राखेच्या रंगाचं निघतं. का नासतो ते कुणालाच ठाऊक नसायचं. बाप म्हणायचा, रुसतो. रुसलेल्या माठावर औषध एकच. बाजारात जाऊन एखादी अचाट थाप मारून यायची. ती जितक्या लोकांना खरी वाटेल तितका माठ लवकर ताळ्यावर येतो. असं का, ते विचारायचं नाही.

मी एकदा विचारलं होतं. माझ्या डाव्या हाताची करंगळी अजून वाकडी आहे. रंगवलेलं कापड कुटायची चिंचेच्या लाकडाची मोगरी असते, हातभर लांब. बापानं माझा हात पाटावर धरला आणि त्या मोगरीचा एकच घाव घातला. मग स्वतःच हळद बांधली. आमच्याकडे दोन्ही कामं एकाच हातानं व्हायची.

दसऱ्याच्या तोंडावर मोठा माठ नासला तेव्हा मी चौथीत होतो. बाप तीन दिवस जेवला नाही आणि त्या तीन दिवसांत आईच्या पाठीवर मोगरी दोनदा पडली. चौथ्या दिवशी सकाळी त्यानं मला जवळ बोलावलं. त्याच्या थापा आता बाजारात कुणी मनावर घेत नव्हतं, सगळ्यांना रंगाऱ्याची चाल ठाऊक झाली होती. म्हणून शाळेत जाऊन मी सांगायचं की राजवाड्यातल्या हत्तिणीला दोन सोंडांचं पिल्लू झालं. पोरं घरोघर नेतील, संध्याकाळपर्यंत निम्मं गाव बघायला धावेल. माठ नाही जमला तर, एवढं म्हणून तो थांबला आणि खुंटीवरच्या मोगरीकडे बघितलं.

मी सांगितलं. पोरं हसली. एकानं माझं नाक ओढून दुसरी सोंड कुठंय म्हणून विचारलं. मेष्ट्रुंच्या, म्हणजे मास्तरांच्या, कानावर गेलं, त्यांनी खोटं बोलण्याबद्दल दोन छड्या दिल्या. पोटऱ्यांवर वळ घेऊन मी व्हरांड्यात उभा राहिलो. दुपारची सुट्टी जवळ आलेली. घरी मोगरी.

व्हरांड्याच्या कडेला, दाराबाहेर, माझा दोस्त बसायचा. केरीतला, म्हणजे त्यांच्या वेगळ्या वस्तीतला. त्याचा बाप चपला शिवायचा. त्याला वर्गात बसू देत नसत, दारातून जे ऐकू येईल ते शिकायचा, आणि तरी माझ्यापेक्षा जास्त शिकायचा. पाणी हवं असलं की तो पायरीखाली ओंजळ धरून उभा राहायचा, आणि कुणीतरी वरून तांब्यानं ओतायचं. बहुतेक मीच. कधी मुद्दाम त्याच्या नाकावर ओतायचो, मग दोघं हसायचो. शाळा सुटली की आम्ही बन्नीमंटपाच्या मैदानात दसऱ्याच्या घोड्यांचा सराव बघायला पळायचो. तो तिथे बघायचा आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या फरशीवर कोळशानं घोडा काढायचा. धावणारा. चारही पाय जमिनीवरून सुटलेले. असा घोडा मी नंतर कुठल्या छापील चित्रातही बघितला नाही.

त्या दुपारी मी आत जाऊन मेष्ट्रुंना सांगितलं की तो शाळेच्या माठात हात बुडवून पाणी प्याला.

ही थाप कुणाला पटवावी लागली नाही. दोन सोंडांसाठी मला शपथा घ्याव्या लागल्या होत्या, इथे वाक्य पुरतं व्हायच्या आत मेष्ट्रु उठले. त्याला शेंडी धरतात तसं केसांना धरून आवारात आणलं. तो माझ्याकडे बघत होता. मी काहीतरी बोलेन असं त्याला वाटत होतं. माठ त्याच्यासमोर फोडला, आणि फुटलेल्या माठाच्या खापरांवर त्याला गुडघे टेकवून बसवलं. जो हात बुडवला तो पुढे कर म्हणाले. त्यानं दोन्ही हात मागे घेतले, तेव्हा वरच्या वर्गातल्या दोघांनी उजवा हात ओढून दगडी पायरीवर दाबून धरला. मेष्ट्रुंनी लाकडी पट्टी घेतली, चपटी नाही, उभी, धारेकडून. आणि ती माझ्या हातात दिली. ज्यानं बघितलं त्यानं सुरुवात करायची.

मी मारली. पहिली मी मारली. हळू मारली असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत होतो. हळू नव्हती. मग रांगेनं सगळ्यांनी मारल्या, शेवटी मेष्ट्रुंनी. बोटांचा आवाज ओल्या काटकीसारखा येतो. तो आधी ओरडला, नंतर ओरडायचाही थांबला. गुडघ्यांतून रक्त येऊन खापरं चिकटली होती, ती घेऊनच त्याला फाटकाबाहेर ढकललं. बाहेर मोठी माणसं जमली होती. त्यांनी केरीपर्यंत त्याच्यामागे दगड मारले, आणि त्या रात्री त्याच्या बापालाही मारलं असं कानावर आलं.

संध्याकाळी माठ जमला. तांब्याचा तवंग धरला. बापानं कापडाचं एक टोक बुडवून काढलं, ते हिरवं निघालं, निळं झालं. त्यानं माझ्या पाठीवर थाप दिली. मी काय खोटं सांगितलं ते त्यानं विचारलं नाही. मी पुन्हा शाळेत गेलो नाही. लोकांना मी सांगत आलो की मला शाळा जमली नाही, मला धंद्यात हात घालायचा होता. दोस्त एकदाच दिसला, वीसेक वर्षांनी, बाजारात हातगाडी ओढताना. उजव्या कोपराला दोरी बांधली होती आणि गाडी त्या कोपरानं ओढत होता. मी शेजारच्या दुकानात शिरून नारळ बघत बसलो. तो गेल्यावर नारळ न घेता बाहेर आलो.

हे मी इतकी वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं. बायको गेली, तिलाही नाही. आता इतकं लिहिलं ते का, ते पुढे.

माठ गेले, गल्ली गेली. पुढे मी जुन्या साड्यांना रंग देण्याचं दुकान चालवलं, तेही आता बंद आहे. म्हैसूरच्या कडेला, हिनकलला, मुलाच्या घरी राहतो. खोलीत भिंतीवर बापाची मोगरी आहे. नात दुसरीत. शाळा मागच्याच गल्लीत. तिच्या शाळेत एक तरुण बाई आली, हुणसूरकडची, स्वस्त सुती साड्या नेसायची, सगळ्या कच्च्या रंगाच्या. पहिल्या धुण्यात उतरतील हे मला लांबूनच दिसायचं. तिनं येताना एक पत्र्याची पेटी आणली होती चित्रांच्या पुस्तकांनी भरलेली. दर शनिवारी ती पोरांना गोल बसवून एक पुस्तक उघडायची. एकात एक पाय नसलेली मुलगी लगोरी खेळते. एकात बाप स्वयंपाक करतो आणि आई बस चालवते. अक्षरं थोडी, चित्रं पानभर. सगळी माणसं सारखी, कुणाला हसायचं नाही, असं ती शिकवते म्हणे. मी मुलाला म्हटलं, शाळेत पाढे शिकवायचे सोडून हे काय. पण बोलण्यापुरतंच. नात ती पुस्तकं घरी आणून मला दाखवायची आणि मला ते आवडायचं, हे कबूल करतो.

मग एकदा तिनं माठाचं पुस्तक आणलं.

दुसऱ्याच पानावर शाळेची पायरी होती. पायरीखाली एक पोरगा ओंजळ धरून उभा, वर एक पोरगा तांब्यानं ओततोय. पाणी त्याच्या नाकावर पडतंय. ज्यानं कुणी ते काढलं तो आमच्या शाळेत नव्हता, हे मला कळत होतं. तरी मी पान उलटलं नाही. पुढच्या पानांवर पोरं माठाभोवती जमतात आणि सगळी आपापल्या हातानं पाणी घेतात, असं नातीनं मला वाचून दाखवलं. मग मान वर करून म्हणाली, "आजा, तुझ्या शाळेत असं वरून ओतायचे?"

मी म्हटलं, नाही. आमच्या शाळेत एकच माठ होता, सगळे त्यातूनच प्यायचो.

पोरगी खूश झाली. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगून आली. बाईंनी माझ्यासाठी निरोप पाठवला की येत्या शनिवारी ताता शाळेत येऊन मुलांना आपल्या शाळेबद्दल सांगतील का. इथे कन्नडमध्ये म्हाताऱ्याला ताता म्हणतात. मुलगा म्हणाला, मान देतायत, जा. मी दाढी करून, पांढरा शर्ट घालून शाळेत गेलो. चाळीस पोरं पाय दुमडून बसली होती. मी तेच सांगितलं. एकच माठ, सगळे प्यायचो, आणि माझा एक दोस्त होता केरीतला, तो घोडे काढायचा. घोड्यांचं का सांगितलं मला ठाऊक नाही. पोरं हरखली. बाई म्हणाल्या, ताता, पुढच्या शनिवारी पुन्हा या, मुलं तुमच्या दोस्ताची चित्रं काढून आणतील, तो पुढे काय झाला तेही सांगा.

सोमवारी रात्रीच्या जेवणाला नातीनं चित्र माझ्या ताटाजवळ ठेवलं. मी आणि दोस्त, दोघं एका माठातून पाणी पितोय. मागे घोडा. दोस्ताचे हात तिनं मोठे काढले होते, पाचही बोटं वेगवेगळी, प्रत्येक बोटाला नख.

मी ते चित्र फाडलं. पुस्तक तिच्या मांडीवर होतं, त्यातलं ओंजळीचं पान फाडलं. ती माझ्या मनगटाला लोंबकळली, तेव्हा तिच्या तोंडात मारली. सात वर्षांच्या पोरीचं डोकं भिंतीवर आपटलं आणि ओठ फुटला. मुलानं उठून माझी कॉलर धरली. त्याचा हात वर गेला होता, मीच म्हटलं, मार. त्यानं मारलं नाही. त्यानं मारायला हवं होतं. सून पोरीला घेऊन आत गेली. नंतर मला दिसलं, पोरगी आतल्या खोलीत भाताच्या शितांनी ते पान चिकटवत होती, आणि तिच्या ओठाचं रक्त पानावर पडू नये म्हणून मान बाजूला धरून बसली होती.

शनिवारी मला पुन्हा जायचं होतं. चाळीस पोरं विचारणार होती, दोस्ताचं पुढे काय झालं. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, ते पुस्तक शाळेतून गेलं पाहिजे, पेटीसकट आणि बाईसकट. नासलेल्या माठाला औषध एकच, हे ज्याच्या बापानं मोगरीनं शिकवलं, त्याला दुसरं काय सुचणार? मंगळवारी सकाळी मी दाढीला गेलो. न्हावी माझ्या ओळखीतला, वीस वर्षं माझी दाढी करतोय. खुर्चीवर दोन माणसं वाट बघत होती. मी गालाला फेस लावलेला असतानाच सुम्मने, म्हणजे असंच बोलता बोलता, सांगितलं की शाळेतली नवी बाई पोरांना एकाच भांड्याला तोंड लावून उष्टं पाणी प्यायला लावते, जो पीत नाही त्याच्या तोंडात कोंबते, आणि माझ्या नातीचा ओठ तसाच फुटला.

वस्तरा थांबला. न्हावी म्हणाला, पोरीला मी आज सकाळीच बघितलं, ओठ सुजला होता खरा.

इथेही शपथ घ्यावी लागली नाही.

बुधवारी ते मुलाच्या फोनवर आलं. नातीच्या ओठाचा फोटो होता, कुणी कधी काढला कोण जाणे. त्या पुस्तकाचं पान होतं. आणि त्या पाण्यात काय काय मिसळतात याची एक यादी होती, ती माझी नव्हती. यादी वाढवणारे माझ्याहून हुशार होते. मुलगा मला विचारत होता की अप्पा, हे कुणी पसरवलं, ओठ तर तुम्ही फोडलात. तो म्हणाला, आज पोरीला शाळेत पाठवायला नको होतं.

तेवढ्यात गल्लीतून माणसं शाळेकडे पळाली. मी भिंतीवरची मोगरी काढली.

शाळेचं फाटक बिजागरीतून निघून आडवं पडलं होतं. आत पन्नासेक माणसं असतील. काठ्या, सायकलची साखळी, एकाच्या हातात लोखंडी सळी. पिण्याच्या पाण्याची टाकी फोडली होती, आवारात चिखल झाला होता. त्या चिखलात पत्र्याची पेटी उपडी पडलेली आणि पुस्तकांना काडी लावलेली. चकचकीत कागद लवकर पेटत नाही, म्हणून कुणी वर रॉकेल ओतत होतं. पोरं वर्गाच्या खिडक्यांतून रडत होती. बाईंना दोघांनी वेणीला धरून पायरीवर आणलं होतं. साडी खांद्यावरून फाटली होती, एक हात कोपरापासून उलटा लोंबत होता. त्या ओरडत नव्हत्या, मुलांना आत थांबा म्हणून सांगत होत्या, कन्नडमध्ये, नेहमीच्या आवाजात, जसा काही पाऊस आलाय. एकानं त्यांचा दुसरा हात धरून पायरीवर दाबला.

दगडी पायरी. हात दाबलेला.

आणि नात त्या पायरीवर होती. पोटाशी ते भाताच्या शितांचं पुस्तक धरून. एक माणूस ते तिच्याकडून ओढत होता, ती सोडत नव्हती, त्यानं तिला दोन थोबाडीत दिल्या तरी सोडत नव्हती. हट्ट आमच्याकडचाच. त्यानं तिसऱ्यांदा हात उचलला, तेव्हा मी पोचलो आणि मोगरी त्याच्या मनगटावर घातली. आवाज तसाच आला. तो वळला. न्हावी होता.

त्यानं उजवं मनगट डाव्या हातात धरलं आणि माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, काही समजत नसल्यासारखं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ताता, तुम्हीच तर सांगितलंत."

सगळे थांबले. नात माझ्याकडे बघत होती. बाईही.

मी म्हटलं, "मी सांगितलं. ते खोटं होतं. पोरीचा ओठ मी फोडला. या बाईंनी कुणाला काही पाजलं नाही."

एवढंच म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत मान खाली घालून काही म्हटलं. आणि कुणाला ते पटलं नाही. मागून एक हसला, म्हाताऱ्याला बाईनं फितवलंय. दुसरा म्हणाला, घाबरलाय. मी पुन्हा सांगितलं, शपथ घेतली, नातीच्या डोक्यावर हात ठेवायला गेलो, तिनं डोकं बाजूला घेतलं. ज्या माणसांनी माझं खोटं माझ्या गालावरचा फेस वाळायच्या आत खरं मानलं, त्यांना माझं खरं दोन सोंडांच्या पिल्लासारखं वाटत होतं. पहिली वीट खांद्यावर लागली, दुसरी कपाळावर. मी बाईंच्या हातावर पडलो, म्हणजे पडायचं तिथेच पडलो, पायरीवर, त्यांचा हात खाली ठेवून. सळी माझ्या पाठीवर तीनदा बसली. ती बोटांवर बसली नाही. मग पोलिसांची शिट्टी ऐकू आली.

कपाळाला अकरा टाके. दोन बरगड्या. न्हाव्याचं मनगट अजून वळत नाही, वस्तरा धरता येत नाही. त्याच्यावरचा माझा घाव मी पोलिसांना सांगितला, तोही लिहून घ्या म्हटलं. त्यानं माझ्या नातीला मारलं ते खरं, आणि माझ्यावर विश्वास ठेवून तो तिथे आला तेही खरं. मी आता दाढी करत नाही. दुसऱ्याकडे जायचं मन होत नाही.

बाईंना तोवर घरी बसवलं. चौकशी होईपर्यंत शाळेत यायचं नाही. मुलगा मला म्हणाला, अप्पा, आता गप्प राहा, एवढी माणसं पकडलीत, तुम्ही तोंड उघडलंत तर पहिलं नाव तुमचं, आणि आम्हाला या गल्लीत राहायचंय. तो चुकीचं बोलत नव्हता. मी म्हटलं, माझ्या एका वाक्यानं त्या बाईची नोकरी जातेय, मग ती माझ्याच वाक्यानं राहील. चौकशीच्या दिवशी मी एकटा रिक्षानं गेलो. टेबलामागे तिघं बसले होते. बाई एका बाजूला, हात गळ्यात बांधलेला.

मी न्हाव्याच्या दुकानापासून सुरुवात केली. पण टेबलामागच्या एकानं विचारलं की एका पुस्तकातल्या चित्रावरून एवढं खोटं बोलायचं काय कारण. तिथे मी अडकलो. कारण सांगितल्याशिवाय हे त्यांनाही पटणार नव्हतं. तेव्हा मी पहिल्यापासून सांगितलं. माठ, मोगरी, दोन सोंडा, ओंजळ, खापरं, पट्टी. धारेकडून. पहिली मी. साठ-पासष्ट वर्षांत पहिल्यांदा ते तोंडातून बाहेर आलं, आणि मी पाणी मागितलं. लिहून घेणाऱ्यानं लिहिणं थांबवलं होतं, साहेबांनी त्याला पुन्हा लिहायला सांगितलं. मी खाली सही केली. अंगठा नाही, सही.

बाहेर आल्यावर बाई माझ्याजवळ आल्या. माफ केलं असं काही म्हणाल्या नाहीत, मी मागितलीही नाही. म्हणाल्या, शनिवारी या. मुलांनी तुमच्या दोस्ताची चित्रं काढून ठेवलीत, आणि तुम्ही त्यांना खोटं सांगितलंय.

त्यांना परत घेतलं, म्हणून शनिवार आला. पेटी नव्हती. जळक्या भिंतीपुढे पोरं गोल बसली होती, निम्मीच. बाकीच्यांना घरच्यांनी पाठवलं नव्हतं. उरलेलं एकच पुस्तक नातीच्या मांडीवर. मी चाळीसच्या जागी वीस पोरांना सगळं सांगितलं. रक्ताचं कमी केलं, माझं कमी केलं नाही. पुढच्या रांगेतल्या एका बारक्या पोरानं विचारलं, कोणत्या हातानं मारलं. मी उजवा हात पुढे केला. पोरं पुढे सरकून त्याच्याकडे बघत राहिली. नात पुढे सरकली नाही. ती उठली आणि सगळ्यात मागे जाऊन बसली.

त्यानंतर ती माझ्याशी बोलायची नाही. तिच्या आईनं समजावलं, मुलानं रागावून बघितलं. मी म्हटलं, राहू द्या.

मागच्या आठवड्यात दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. बरगड्यांमुळे मला अजून पटकन उठता येत नाही. मी पाणी मागितलं. ती आतून तांब्या भरून घेऊन आली. पेला आणला नव्हता. उंबऱ्यावर उभी राहिली, तांब्या वर धरून, आणि मला म्हणाली, "हात धर."

मी पलंगावरून उतरलो. उंबऱ्याखाली जाऊन बसलो आणि ओंजळ धरली. वाकडी करंगळी नीट मिटत नाही, तिथून पाणी गळतं. तिनं वरून ओतलं. थोडं नाकावर पडलं, मुद्दाम की कसं ते कळलं नाही. ती हसली नाही. तांब्या रिकामा होईपर्यंत ओतत राहिली आणि मी प्यालो.

तेव्हापासून ती मला पाणी असंच देते. सून बघते. पेला फडताळात आहे, हात लांब केला तर पोचतो. मी तो घेत नाही.